जुना लॅपटॉप आणि त्यावरची सिस्टिम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेल्या बिझनेस लॅपटॉपबद्दल आहे: लिनोवो थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये असा माल लॉटने येतो आणि तिथून गावोगावच्या दुकानांत पोहोचतो. घरगुती वापराच्या जुन्या लॅपटॉपलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

सुरुवात कुठून करायची? आधी मॉडेल बघायचं की बजेट ठरवायचं?

आधी काम लिहून काढा. कोणतं सॉफ्टवेअर लागणारच आहे, एवढं एका कागदावर उतरवा. त्यावरून सिस्टिम (विंडोज किंवा मोफत मिळणारं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) ठरते, सिस्टिमवरून मशीन ठरतं आणि मग बजेटचा प्रश्न येतो. बहुतेक लोक उलट करतात: स्वस्तात मिळालेलं मशीन घरी आणतात आणि मग कळतं की हवं ते सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही.

टॅली (हिशेब), श्रीलिपी (मराठी छपाई), सॉलिडवर्क्स (यंत्रांचं डिझाइन), ई-टेंडर भरायचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी) किंवा परीक्षेसाठी लागणारा लॉकडाऊन ब्राउझर, यातलं काही यादीत असेल तर मुकाट्याने विंडोज घ्या. म्हणजे मशीन विंडोज ११ अधिकृतपणे चालवणारंच हवं. यादीत फक्त ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ, पत्रं, हिशेबाच्या शीट आणि प्रोग्रॅमिंग असेल तर लिनक्स उत्तम चालतं आणि दोन पिढ्या जुनं मशीनही चालून जातं. तेवढेच पैसे वाचतात.

सर्वांत स्वस्त नवा लॅपटॉप घ्यावा की त्याच पैशांत जुना बिझनेस लॅपटॉप?

आमचं मत स्पष्ट आहे: जुना बिझनेस लॅपटॉप. अगदी स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये सेलेरॉन एन४०२० सारखा दोन कोरचा प्रोसेसर, बोर्डावरच सोल्डर केलेली ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली मंद साठवण चिप) असते. विंडोजचे दोन मोठे अपडेट आले की ती जागा भरते, आणि रॅम वाढवायची सोय नसते. त्याउलट २०१८ सालच्या थिंकपॅड टी४८० मध्ये चार कोर आणि आठ थ्रेडचा आय५-८२५०यू असतो, रॅमचे दोन स्लॉट असतात आणि मागचं झाकण सहा स्क्रू सैल केले की उघडतं.

नव्याच्या बाजूने एकच खरा मुद्दा आहे, वर्षभराची वॉरंटी. घरात कोणालाच स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायचा नसेल आणि जवळ भरवशाचा रिपेअरवाला नसेल तर तो मुद्दा जड आहे.

‘आय७ आहे, घेऊन टाका’ असं दुकानदार म्हणतो. ऐकावं का?

आय३, आय५, आय७ यापेक्षा पिढी महत्त्वाची. इंटेलच्या क्रमांकात डॅशनंतरचा पहिला अंक पिढी सांगतो: आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. डॅशनंतर दहा, अकरा, बारा असे आकडे आले तर ती दहावी, अकरावी, बारावी पिढी. आय७-४६००यू हा चौथ्या पिढीचा प्रोसेसर फक्त दोन कोरचा आहे; आठव्या पिढीचा साधा आय५ त्याला सहज मागे टाकतो. झाकणावरचा स्टिकर पाच रुपयांत बदलता येतो, तेव्हा पिढी स्टिकरवर बघू नका. बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारं मशीनचं स्वतःचं सेटिंग) किंवा विंडोजच्या ‘अबाउट’ पानावर बघा.

विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते (सातवीतले मोजकेच अपवाद आहेत), एएमडीमध्ये रायझन २०००ची मालिका किंवा पुढची. शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम चालू देणारी सोय) हवं. या वर्गातल्या आठव्या पिढीच्या बिझनेस लॅपटॉपमध्ये हे दोन्ही असतं, कधी कधी बायॉसमधून चालू करावं लागतं इतकंच.

मॉडेल सुचवा.

टी४८०, लॅटिट्यूड ५४९० आणि ७४९०, एलिटबुक ८४० जी५. हे चारही आठव्या पिढीत मिळतात, रॅमचे दोन स्लॉट असतात आणि सुटे भाग बाजारात मुबलक आहेत. मात्र याच मॉडेलांत सातव्या पिढीचे प्रोसेसरही निघाले होते, म्हणून क्रमांक बघितल्याशिवाय घेऊ नका.

नावं सारखी दिसतात पण आतून फरक असतो. टी४८०एस मध्ये थोडी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि एकच स्लॉट मोकळा असतो. टी४९० चंही तसंच. थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये सगळी रॅम सोल्डर, म्हणजे ८ जीबीवाला घेतला की जन्मभर ८ जीबीच. एलिटबुकमध्ये ‘शुअर व्ह्यू’ नावाचं प्रायव्हसी पॅनेल असलेले काही पीस येतात. बाजूने बघितलं की पडदा पांढुरका किंवा काळपट दिसतो आणि समोरूनही उजेड कमी वाटतो. रोजच्या वापराला ते टाळा.

पडद्याचं रेझोल्यूशन विचारायला लोक विसरतात. याच मॉडेलांत १३६६ बाय ७६८ चे फिकट पॅनेलही आले आहेत. मान वर-खाली केली की रंग बदलत असतील तर ते जुन्या धाटणीचं टीएन पॅनेल. १९२० बाय १०८० चं आयपीएस पॅनेल (कोणत्याही कोनातून रंग तेच दिसणारं) मागून घ्या. डोळ्यांना रोज आठ तास तेच दिसणार आहे.

दुकानात तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

किमान पाऊण तास द्या आणि दिवसाउजेडी जा. सोबत एक पेन ड्राइव्ह, इअरफोन आणि मोबाइलचा हॉटस्पॉट असू द्या.

आधी लॅपटॉप बंदच ठेवा आणि सपाट टेबलावर ठेवून बघा. तो डुगडुगत असेल किंवा टचपॅड एका कडेने वर आलं असेल तर खाली बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, तेव्हा ‘काही होत नाही, चालतं’ या शब्दावर विसंबू नका. तळाचे स्क्रू मोजा; एक-दोन गायब असतील किंवा त्यांची खाच झिजलेली असेल तर मशीन अनेकदा उघडलेलं आहे. यूएसबी आणि एचडीएमआयच्या तोंडात मोबाइलचा टॉर्च मारा. हिरवट किंवा पांढरा थर म्हणजे ओलाव्याने गंज धरलेला. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या मशीनला हे हमखास बघावं.

मग झाकण सावकाश उघड-मिट करा. हिंजजवळ (बिजागरीजवळ) प्लॅस्टिक फाकत असेल किंवा उघडताना चित्र लुकलुकत असेल तर हिंज आणि पडद्याची केबल, दोन्ही खर्च धरा. पूर्ण पांढरं पान उघडून पडद्यावर डाग, दाबाचे ठसे आणि मेलेले पिक्सेल बघा. मग पूर्ण काळं करून कडेने उजेड फुटतो का ते बघा. नोटपॅड उघडून प्रत्येक की दाबा, अगदी फंक्शन की आणि बाणसुद्धा. कीबोर्डवर नवे स्टिकर असतील तर एखादं उचलून खाली काय आहे ते पाहा. परदेशातून आलेल्या लॉटमध्ये ब्रिटिश किंवा जपानी मांडणीचे कीबोर्ड असतात आणि एंटरची की वेगळ्या आकाराची असते.

यानंतर कॅमेरा, माइक, दोन्ही बाजूंचे स्पीकर, इअरफोनचं भोक, प्रत्येक यूएसबी पोर्ट आणि वायफाय. शेवटी यूट्यूबवर १०८०पी व्हिडिओ लावून पंधरा मिनिटं तसाच चालू द्या. पंखा विमानासारखा ओरडत असेल किंवा व्हिडिओ अडखळत असेल तर आत धूळ साचली आहे किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळली आहे. हे दुरुस्त होतं आणि फार खर्चिकही नाही, पण भावात वजा करून घ्या. त्या पंधरा मिनिटांत लॅपटॉप आपोआप बंद पडला तर तिथून उठा.

लॉक केलेलं मशीन म्हणजे काय? ते कसं ओळखायचं?

या पानावरचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे. कारण बॅटरी बदलता येते, पडदा बदलता येतो. कुलूप मात्र तुम्हाला काढता येत नाही. चार प्रकार लक्षात ठेवा.

पहिलं बायॉस पासवर्ड. चालू करताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबा. पासवर्ड मागितला तर मालकी अजून आधीच्याच हातात आहे. थिंकपॅडचा सुपरव्हायझर पासवर्ड बोर्डावरचा सेल काढून जात नाही. कंपनीचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदला असंच आहे.

दुसरं ॲब्सोल्यूट, म्हणजे मशीनवर दुरून ताबा ठेवायचं सॉफ्टवेअर, ज्याला जुने लोक कॉम्प्युट्रेस म्हणतात. बायॉसच्या सिक्युरिटी विभागात ही ओळ असते. ‘डिसेबल्ड’ किंवा ‘परमनंटली डिसेबल्ड’ असेल तर ठीक. ‘ॲक्टिव्हेटेड’ असेल तर मूळ कंपनी ते मशीन दुरून बंद करू शकते.

तिसरं विंडोज ऑटोपायलट, आणि यात सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण दुकानात सगळं नीट चालतं. कंपनीने मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेली असते. विक्रेता इंटरनेट न जोडता लोकल खातं करून देतो. सहा महिन्यांनी तुम्ही विंडोज नव्याने टाकता, नेट जोडता आणि पडद्यावर कुठल्यातरी कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला जातो. हे डिस्क बदलूनही जात नाही. ती नोंद फक्त त्या कंपनीचा आयटी विभाग काढू शकतो. म्हणून दुकानातच विंडोज रीसेट करायला लावा आणि सुरुवातीच्या सेटअपमध्ये तुमच्या हॉटस्पॉटवर नेट जोडा. ‘वैयक्तिक वापर की ऑफिस’ असा प्रश्न आला किंवा साधं खातं मागितलं, तर मशीन मोकळं आहे. विक्रेता रीसेटला तयार नसेल तर त्याचं कारण तुम्हाला कळलंच आहे.

चौथं मॅकवरचं ॲक्टिव्हेशन लॉक (आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याचं कुलूप) आणि कंपनीचं रिमोट मॅनेजमेंट (दुरून ठेवलेला ताबा). मॅक पूर्ण पुसून, नेट जोडून, डेस्कटॉप दिसेपर्यंत सेटअप पुढे नेऊन बघा.

बॅटरी किती उरली आहे हे कसं कळेल?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ (पॉवर हा पूर्ण शब्द, त्याला जोडून सी-एफ-जी), मग एक जागा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं लिहून एंटर दाबा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात दोन आकडे बघायचे: ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३६,००० आहे, तर ७२ टक्के जीव उरला आहे. आमचा ठोकताळा असा: ८० टक्क्यांच्या वर उत्तम, ६० ते ८० असेल तर घासाघीस करा, ६० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून सरळ वजा करा.

टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत २४ वॉट-तासांची आणि एक मागे काढता येणारी. अहवालातही दोन्ही वेगळ्या दिसतात. दुकानदार बहुतेक वेळा मागची नवी घालून देतो आणि आतली मेलेलीच असते. दोन्ही ओळी वाचा.

टी४८० चा टाइप-सी पोर्ट निकामी होतो असं ऐकलं, ते खरं आहे का?

खरं आहे. या काळातल्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट (टाइप-सीवरची वेगवान जोडणी) सांभाळणाऱ्या चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता. चिपच्या मेमरीत नको त्या नोंदी लिहिल्या जातात, ती भरली की टाइप-सीवरून चार्जिंग किंवा मॉनिटर चालेनासा होतो. लिनोवोने सुधारित फर्मवेअर दिलं आहे. दोष उमटण्याआधी ते टाकलं तर पोर्ट वाचतो. उमटल्यावर चिप वेगळ्या प्रोग्रॅमरने लिहावी लागते किंवा बोर्ड बदलावा लागतो.

दुकानात असं करा: चार्जर आधी एका टाइप-सी पोर्टमध्ये, मग दुसऱ्यात घाला आणि प्रत्येक वेळी पिन हलकेच वर-खाली करा. चार्जिंगचा दिवा विझता कामा नये. टी४८० ला गोल पिनेचा चार्जर नसतोच, त्यामुळे हे दोन पोर्ट गेले की मशीन गेलं. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे लिनोवो व्हँटेज या कंपनीच्या ॲपमधून फर्मवेअर अपडेट.

चार्जर डुप्लिकेट दिला तर चालेल का?

नको. डेलच्या गोल पिनेच्या मध्यभागी एक बारीक सुई असते. लॅपटॉप तिच्यावरून चार्जरची ओळख पटवतो. ती वाकली किंवा नकली चार्जरमध्ये ओळख नसली, तर लॅपटॉप चालू होतो पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद ठेवला जातो. लोक मग ‘हँग होतोय’ म्हणून विंडोज बदलत बसतात. बायॉसमध्ये ॲडॉप्टरचे वॉट दिसतात. तिथे ‘अननोन’ आलं तर चार्जर बदलून मागा.

चार्जर लावल्यावर धातूच्या अंगाला झिणझिण्या येत असतील तर तीन पिनेचा प्लग वापरा आणि त्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. दोन पिनेच्या वायरवर हे फार होतं.

रॅम आणि डिस्क किती असावी?

विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी पुरते. प्रत्यक्षात ८ च्या खाली जाऊ नका, १६ असेल तर पुढची काही वर्षं निवांत. लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) ४ जीबीवर चालतं, पण ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले की कुठलीही सिस्टिम दमते. १६ जीबी एका पट्टीत घेण्यापेक्षा ८ च्या दोन पट्ट्या घ्या. आतल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो.

फिरती हार्ड डिस्क असलेलं मशीन मिळालं तर एसएसडी (न फिरणारी, चिपची वेगवान डिस्क) घातल्याशिवाय वापरूच नका. जुन्या लॅपटॉपला वेग देणारा याहून मोठा बदल नाही. आधीच एसएसडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उरलेलं आयुष्य टक्क्यांत दिसतं. हार्ड डिस्कसाठी ‘रीॲलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे (खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे शून्य हवेत.

जुना मॅकबुक घ्यावा का?

एम१ (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) किंवा पुढचा असेल तर जरूर, पण रॅम आणि डिस्क वाढत नाही हे धरून. इंटेलच्या मॅकबाबत आम्ही नाही म्हणतो. २०१७ चा मॅकबुक एअर मॅकओएस मॉन्टेरीच्या पुढे अधिकृतपणे जात नाही, आणि मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे. २०१६ ते २०१९ मधल्या बहुतेक मॅकबुक प्रोमध्ये बटरफ्लाय कीबोर्ड होता. धुळीचा कण गेला की की अडकते.

बिल नसेल तर?

घेऊ नका. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर, विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि टेस्टिंग वॉरंटीचे दिवस लिहून घ्या. तळाच्या स्टिकरवरचा आणि बायॉसमधला सिरियल नंबर एकच हवा. वेगळा असेल तर बोर्ड बदललेला आहे किंवा स्टिकर दुसऱ्या मशीनचा आहे. खासगी व्यक्तीकडून घेत असाल तर त्यांच्या मूळ बिलाची प्रत मागा आणि पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

विंडोज १० वर राहिलं तर काय बिघडतं?

त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे, तीही नावनोंदणी केली तर. त्यापुढे सुरक्षेच्या भेगा बुजवल्या जात नाहीत. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने अशा मशीनवर राहू नये.

सातव्या पिढीवर रूफस या मोफत सॉफ्टवेअरने अट वगळून विंडोज ११ टाकता येतं हे खरं. पण पुढची मोठी आवृत्ती आपोआप येईल याची खात्री नसते, दरवर्षी हाताने खटपट करावी लागते. आई-बाबांसाठी लॅपटॉप घेत असाल तर हा मार्ग नको.

दुकानदाराने घालून दिलेलं विंडोज ओरिजिनल आहे का, कसं बघू?

रन ही विंडोजची आज्ञा लिहायची चौकट उघडून इंग्रजीत ‘एसएलएमजीआर’ ही पाच अक्षरं, मग जागा, तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ लिहा. येणाऱ्या चौकटीत ‘ओईएम’ दिसलं तर परवाना मशीनसोबतचा आहे. ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस’ (कंपन्यांच्या सामूहिक परवान्याच्या खुणा) दिसलं तर ते बहुधा ॲक्टिव्हेटरने, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणाऱ्या चोरट्या सॉफ्टवेअरने, चालू केलेलं आहे. असा ॲक्टिव्हेटर अँटिव्हायरस बंद करून चालवलेला असतो आणि त्यासोबत आणखी काय आत आलं हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणूनच घरी आणल्यावर विंडोज नव्याने टाका. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, त्यावरून चालू करा आणि सगळी पार्टिशन (डिस्कचे कप्पे) काढून रिकाम्या डिस्कवर इन्स्टॉल करा.

लिनक्स पहिल्यांदा वापरतोय. कोणतं घेऊ?

लिनक्स मिंट. २२ ची मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. ८ जीबी रॅम असेल तर मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप, ४ असेल तर हलका एक्सएफसीई. खाली मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. विंडोजवरून येणाऱ्याला घर बदलल्यासारखं वाटत नाही.

इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा. रूफस किंवा बलेनाएचर या सॉफ्टवेअरने मिंटची फाइल पेन ड्राइव्हवर लिहा, लॅपटॉप चालू करताना थिंकपॅड व डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेन ड्राइव्ह निवडा. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर जागं होणं, एवढं तपासा. हाच पेन ड्राइव्ह दुकानातही न्या: ज्या मशीनवर विंडोज नाही तेही त्याने तपासता येतं. बोटांच्या ठशाचा सेन्सर मात्र बऱ्याच जुन्या मॉडेलांत लिनक्सवर चालत नाही.

डेलवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही अशी तक्रार नेहमी येते. बायॉसमध्ये स्टोरेज ‘रेड ऑन’वर असतं, ते ‘एएचसीआय’ करा. आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल अंदाधुंद करू नका. ते चालू होणार नाही.

लिनक्सवर मराठी टाइप करता येतं का?

उत्तम येतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना भारतीय भाषांमध्ये मराठी निवडा. कगप हा उच्चारावर चालणारा पर्यायही तिथेच आहे. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येत असेल तर विंडोजवरचं तेच बोटांचं वळण इथे चालतं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या पुष्कळांना सापडत नाही: शिफ्ट धरून जे दाबला की ऱ येतो, मग डी दाबून पाय मोडायचा, मग तिरक्या रेघेच्या की वर य आणि ई वर काना. ळ साठी शिफ्ट आणि एन.

अडचण आहे ती जुन्या फायलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसतो. फाँट बसवला तर तो लिनक्सवर वाचता येतो, पण त्याच पद्धतीने पुढे टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे. छपाईच्या कामात असाल तर विंडोज सोडू नका.

वर्डमध्ये मंगल फाँटात केलेली फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की दुसरा देवनागरी फाँट बसतो आणि तीन पानांचं पत्र सव्वातीन पानांवर जातं. सही-शिक्क्याच्या कागदांसाठी पीडीएफच करून पाठवा.

लिनक्सवर आमचा जुना प्रिंटर चालेल का?

आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून छापून बघा. आपल्याकडे घरोघरी दिसणारे दोन प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात. कॅनन एलबीपी २९०० चा ड्रायव्हर जुना आहे, बसवायला कटकट होते आणि मध्येच रुसतो. एचपी लेझरजेट १०२० चालतो, पण एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हरचं वेगळं प्लगइन नेटवरून घ्यावं लागतं. ते नसेल तर काम रांगेत दिसतं आणि कागद मात्र हलत नाही.

दोन्ही सिस्टिम एकाच लॅपटॉपवर ठेवल्या तर?

चालतं. आधी विंडोज, मग लिनक्स हा क्रम ठेवा. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून किमान ५० जीबी जागा मोकळी करा, फास्ट स्टार्टअप बंद करा (नाहीतर लिनक्सला विंडोजच्या पार्टिशनवर लिहिता येत नाही), आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून मगच बायॉसला हात लावा.

लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. काहीही बिघडलेलं नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज ती स्थानिक समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

क्रोमओएस फ्लेक्स (गूगलची ब्राउझरभोवती बेतलेली सिस्टिम) कसं आहे?

४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर फक्त ब्राउझर वापरणाऱ्यासाठी चांगलं. अँड्रॉइडची ॲप त्यावर चालत नाहीत, हे आधी सांगून ठेवतो. गूगलच्या प्रमाणित यादीत तुमचं मॉडेल आणि त्याच्या आधाराची शेवटची तारीख बघूनच टाका.

लिनक्स टाकलं आणि जमलं नाही, तर विंडोज परत आणता येईल?

विंडोज ८ च्या काळापासून मशीनसोबत विंडोज आलेलं असेल, तर परवान्याची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये लिहिलेली असते. डिस्क पुसली तरी ती जात नाही. पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकताना की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडा आणि आवृत्ती आधी होती तीच ठेवा. होमचा परवाना असलेल्या मशीनवर प्रो टाकलंत तर ॲक्टिव्हेशन होणार नाही. म्हणून लिनक्स टाकण्याआधी सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.